स्वयंलेखी यंत्रावरील रेषा आणि तिची मांडणी : कुलाबा ते चाकूर

लातूरहून अहमदपूरमार्गे नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकूर हे तालुक्याचे गाव लागते. या परिसरातील एका साखर कारखान्यात कामगारांच्या बोलीतील व्यवसायशब्द टिपून घेण्यासाठी काही वर्षांपूर्वी माझे जाणे-येणे होते. तेथील बॉयलरघरालगतच्या खोलीत वर्तुळाकार कागदांचा एक गठ्ठा सुतळीने बांधून ठेवलेला होता. प्रत्येक कागद जेवणाच्या ताटाएवढा. मध्ये भोक, भोवती चोवीस तास दाखविणाऱ्या वाकड्या वेळरेषा आणि त्यांवर लाल, निळ्या व हिरव्या शाईने उमटलेल्या तीन रेषा. कामगार या कागदास ‘चार्ट’ म्हणत आणि रेषा काढणाऱ्या यंत्राच्या बोटास ‘पेन’. ‘आज निळं पेन कोरडं चाललंय’ हे वाक्य मी त्याच खोलीत टिपून घेतले. गठ्ठ्यातील एका चार्टवर मात्र प्रत्येक रंगाच्या दोन-दोन रेषा होत्या. पाळीवरील माणूस चार्ट बदलण्यास विसरला असावा. यंत्रातील घड्याळ कोणाच्या विसरण्यासाठी थांबत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवसाची रेषा पहिल्या दिवसाच्या रेषेवर चढली होती. कागदावर तारीख मात्र एकच होती.

एकदा कोरलेला मजकूर ठोकून त्यावर दुसरा मजकूर कोरलेले ताम्रपट आपल्या परिचयाचे आहेत. ते वाचताना आपण जी सावधगिरी बाळगतो ती या चार्टबाबत कोणी बाळगल्याचे माझ्या पाहण्यात नाही. यंत्राने काढलेली रेषा म्हणजे वस्तुस्थितीची निखळ छाया, तीत माणसाचा हात नाही, असा समज आपल्याकडे दृढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करावयाची आहे. यंत्र रेषा काढते हे खरे. परंतु कोणत्या राशी शेजारी ठेवावयाच्या, कागदाचा वरचा व खालचा काठ किती मूल्याचा मानावयाचा, एका तासास किती रुंदी द्यावयाची आणि शून्य कोठे धरावयाचे, हे सर्व रेषा उमटण्यापूर्वी कोणीतरी ठरविलेले असते. या ठरावांची नोंद उपलब्ध नसेल तर रेषा शाबूत असूनही तिचा अर्थ हरवतो, आणि क्वचित उलटाही लागतो.

इंग्रजीतील ‘ट्रेंड’ या शब्दासाठी मराठीत ‘कल’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द चांगला आहे. पण त्याच्या मुळाशी झुकण्याची कल्पना आहे. तराजूचा कल, भिंतीचा कल, मनाचा कल. म्हणजे ‘कल’ म्हणताच एका बाजूस झुकणे गृहीत धरले जाते. यंत्रावरील ट्रेंड मात्र काहीही न झुकता तासन्‌तास सरळ राहू शकतो, आणि बॉयलरघरात तेच अभीष्ट असते. कारखान्यातील माणूस ‘ट्रेंड बघा’ म्हणतो तेव्हा त्याला ‘मागील काही तासांची रेषा पाहा’ एवढेच म्हणावयाचे असते. या लेखात मी ‘रेषा’ हाच साधा शब्द वापरणार आहे, आणि ती उमटविण्यापूर्वीच्या निर्णयांस ‘मांडणी’ म्हणणार आहे.

यंत्राने आपल्याच हाताने रेषा काढावी ही कल्पना वाफेच्या यंत्राबरोबर आली. जेम्स वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने १७९६ मध्ये सिलिंडरमधील दाबानुसार हलणारी पेन्सिल व दट्ट्याबरोबर सरकणारा कागद यांची जोडणी केली. ही युक्ती कित्येक वर्षे गुप्त ठेवण्यात आली होती. त्या कागदावर दाब होता, पण काळ नव्हता. आडव्या अक्षावर काळ येण्यासाठी कागद घड्याळाने सरकवावा लागला. १८४० च्या दशकात ग्रीनिच येथे चार्ल्स ब्रूक व क्यू येथे फ्रान्सिस रोनाल्ड्स यांनी छायाचित्रणाच्या कागदावर प्रकाशाच्या ठिपक्याने रेषा उमटविण्याची पद्धत सिद्ध केली, आणि १८४७ मध्ये कार्ल लुडविगने रक्तदाबासाठी काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्याचा उपयोग केला. महाराष्ट्रात या इतिहासाचा धागा सापडतो तो मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापिलेल्या या वेधशाळेत १८४१ मध्ये चुंबकीय व वातावरणीय निरीक्षणांस आरंभ झाला. एल्फिन्स्टनमधील प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे हे काम होते. बाळशास्त्री जांभेकर यांचाही या वेधशाळेशी संबंध होता, आणि केरो लक्ष्मण छत्रे यांनी आपल्या उमेदवारीची वर्षे तेथेच काढली. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणाऱ्या केरूनानांच्या गणितास आपण मान देतो. पण ठरलेल्या वेळी दुर्बिणीतून पाहून लोंबत्या चुंबकाचा अंक वहीत उतरविण्याच्या त्या कंटाळवाण्या शिस्तीचा उल्लेख सहसा करीत नाही. १८४६ पासून कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी अखंड मिळतात. मात्र १८७२ पर्यंत तेथे यंत्र रेषा काढीत नव्हते. माणूस तासातासाने अंक लिहीत होता. रेषा काढलीच तर ती नंतर, त्या अंकांवरून.

या पद्धतीत एक तरतूद होती आणि तिचेच महत्त्व पुढे सिद्ध झाले. चुंबक नेहमीपेक्षा अधिक अस्वस्थ दिसला की निरीक्षकाने तासाची वाट न पाहता पंधरा किंवा पाच मिनिटांच्या अंतराने वाचन घ्यावयाचे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्यबिंबावर अतितीव्र प्रकाशाचा उद्रेक दिसला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवार दि. २ सप्टेंबर रोजी, मुंबईत दुपार होण्यापूर्वी कुलाब्याच्या क्षैतिज चुंबकीय तीव्रतेचे मूल्य भराभर कोसळू लागले. लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्या देखरेखीखालील निरीक्षकांनी नियमाप्रमाणे वाचने जवळजवळ घेतली. ती छापील खंडांत राहिली. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना व ॲलेक्स या चौघांनी त्यांवरून नवा आलेख सिद्ध केला तेव्हा ही घसरण सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची असल्याचे दिसून आले. तुलनेसाठी सांगावयाचे तर मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज ज्या वादळाने खंडित झाली, त्याचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्ला होता.

येथवरची कथा पुष्कळदा सांगितली जाते. तिचा पुढील भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. उणे ५८९ हा अंक तासाच्या सरासरीवर आधारलेला; कुलाब्याचे १,६०० मात्र क्षणिक वाचनांतून आलेले. २००६ मध्ये सिस्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या त्याच वाचनांची तासाची सरासरी काढली, तेव्हा घसरण सुमारे ८५० नॅनोटेस्लांवर आली. वादळ एकच, वही एकच, निरीक्षकही तेच. केवळ एका बिंदूने किती काळाचे प्रतिनिधित्व करावे हा निर्णय बदलताच वादळ जवळपास निम्मे झाले. याव्यतिरिक्त, त्या तीव्र घसरणीतील किती भाग पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाचा व किती भाग मुंबईच्या आकाशातील अन्य प्रवाहांचा, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद भौतिकीचा आहे. आपण एवढेच पाहावयाचे की, निरीक्षकांनी केवळ तासाचेच अंक लिहिले असते तर हा वाद उपस्थितच झाला नसता. आणि त्यांनी वाचनाची वेळ प्रत्येक अंकासमोर लिहिली नसती तर तो सुटण्याची आशाही राहिली नसती.

१८७२ पासून कुलाब्यास छायाचित्रण पद्धतीची चुंबकलेखी यंत्रे चालू झाली. त्या यंत्रांच्या रचनेतील एक बारकावा मला विशेष आदरणीय वाटतो. चुंबकास चिकटविलेल्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाश कागदावर हलती रेषा काढतो. त्याच्याच खाली एक अचल आरसा बसविलेला असतो व तो त्याच कागदावर दुसरी, सरळ रेषा काढीत राहतो. ही आधाररेषा. कागद ओला होऊन आकसला, नळकांडे किंचित सरकले, तरी हलत्या रेषेचे अंतर आधाररेषेपासूनच मोजावयाचे असल्याने चूक बरीचशी टळते. ठरावीक वेळाने प्रकाश क्षणभर झाकला जाई व रेषेत पडलेल्या खंडावरून वेळ कळे. आधाररेषेचे मूल्य वेगळ्या, निरपेक्ष मापनाने वारंवार ठरवून वहीत लिहिले जाई. कागदावरील एका मिलिमीटरास किती तीव्रता हेही तसेच. म्हणजे शून्य, प्रमाण व काळ या तिन्ही गोष्टी कागदावर अथवा कागदाच्या शेजारच्या वहीत उपस्थित होत्या.

या शिस्तीची कसोटी विसाव्या शतकाच्या आरंभी लागली. मुंबईत विजेवरील ट्राम येणार हे निश्चित झाल्यावर तिच्या प्रवाहाने कुलाब्याचे चुंबक अस्वस्थ होणार हेही स्पष्ट झाले. वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांनी दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरांवर अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. तिच्या बांधकामात लोखंड टाळून चुंबकीय गुण नसलेला दगड वापरण्यात आला. १९०४ मध्ये तेथे काम सुरू झाले. तथापि कुलाब्याचे काम मूस यांनी लगेच थांबविले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, जेणेकरून एका जागेची रेषा दुसऱ्या जागेच्या रेषेस नेमक्या किती फरकाने जोडावयाची हे ठरावे. विजेची ट्राम १९०७ च्या मे महिन्यात धावू लागली. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांची मूस यांनी केलेली चर्चा १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. आज भारतीय भूचुंबकत्व संस्था (स्थापना १९७१) कुलाबा-अलिबाग ही जी दीर्घ मालिका जगापुढे ठेवते, तिची अखंडता यंत्राने दिलेली नाही. त्या दोन वर्षांच्या दुहेरी खर्चाने व दुहेरी श्रमाने ती मिळाली आहे.

आता वेधशाळेतून कारखान्याकडे वळू. कारखान्यास साठ वर्षांची मालिका नको असते. त्यास चालू पाळी सुखरूप पार पाडावयाची असते. अमेरिकेत विल्यम ब्रिस्टल याने दाब नोंदविणारी यंत्रे तयार करण्यासाठी १८८९ मध्ये कंपनी स्थापन केली, तेव्हा वर्तुळाकार चार्टचा प्रसार झाला. चाकूर परिसरात पाहिलेला गठ्ठा त्याच घराण्यातील. घड्याळ कागदास दिवसातून एकदा फिरविते, दाबाने ताठणारी नळी पेन हलविते, आणि दिवसाचा सगळा वृत्तांत एका दृष्टिक्षेपात येतो. या सोयीची किंमतही आहे. मध्याजवळ एका तासास मिळणारी रुंदी कडेच्या तासापेक्षा फार कमी असते. त्यामुळे दाब उतरलेला असतो तेव्हाची चढउतार आक्रसून जाते. शिवाय पेन खिळीभोवती फिरत असल्याने वेळरेषा वक्र असतात, आणि पट्टी ठेवून वेळ वाचू पाहणाऱ्या नवशिक्याची हमखास फसगत होते.

पुढे पट्टीच्या कागदाची यंत्रे आली. ह्यू कॅलेंडरने १८९७ च्या सुमारास तापमानाची स्वयंलेखी यंत्रे सिद्ध केली, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लीड्स अँड नॉर्थ्रप यांच्यासारख्या कंपन्यांनी ती कारखान्यांत पोहोचविली. पट्टीमुळे तासांची रुंदी समान झाली. पण एक नवा प्रश्न उद्भवला आणि तो इतिहासकारास थेट भिडणारा आहे. दोन पेने एकमेकांना न अडखळता पूर्ण रुंदीभर फिरावयाची तर ती एकाच ओळीत बसविता येत नाहीत. एक किंचित पुढे व दुसरे किंचित मागे ठेवावे लागते. हे अंतर अडीच मिलिमीटर धरू. कागद ताशी २५ मिलिमीटर वेगाने सरकत असेल तर अडीच मिलिमीटर म्हणजे सहा मिनिटे. एकाच क्षणी घडलेल्या दोन घटना कागदावर सहा मिनिटांच्या अंतराने दिसतात.

याचा परिणाम कळण्यासाठी बॉयलरचे उदाहरण पुरेसे आहे. गाळप चालू असताना वाफेची मागणी एकाएकी वाढली की ड्रममधील दाब उतरतो, पाण्यातील वाफेचे बुडबुडे फुगतात आणि पाण्याची पातळी प्रथम वर गेल्यासारखी दिसते. वस्तुतः पाणी कमी होत असते. अननुभवी माणूस पातळी वर गेलेली पाहून पाणी तोडतो, आणि काही वेळाने ती खरोखरच धोक्याखाली उतरते. म्हणून वाफेचा प्रवाह, पाण्याचा प्रवाह व ड्रमची पातळी या तीन रेषा एकाच पट्टीवर, एकाच काळमापाने पाहाव्या लागतात. तिन्हींचा क्रम कळला तरच पातळीच्या त्या चढणीचा अर्थ लागतो. हा सगळा खेळ काही मिनिटांचा. त्यात पेनांच्या अंतरामुळे सहा मिनिटांची भर पडली तर कारण कोणते व कार्य कोणते हेच उलटे होते. पुढील काळातील यंत्रांत हे अंतर भरून काढण्याची सोय करण्यात आली: पुढील पेनाचा संकेत तेवढा वेळ रोखून धरावयाचा. परंतु ही सोय चालू होती की बंद, हे कागद सांगत नाही. चौकशी समितीसमोर असा कागद आला तर पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे. आणि त्या पाळीवर ज्याच्या हातात पाण्याचा झडपा होता, त्याची नोकरी अनेकदा या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

१९९० च्या दशकापासून कागद हटत गेला व त्याची जागा पडद्याने घेतली. ही यंत्रे क्षणाक्षणाला अनेक संकेत मोजतात, ते स्मृतीत साठवितात आणि पडद्यावर रेषा काढतात. कागदी यंत्रात मोजणे, नोंदणे व दाखविणे ही एकच क्रिया होती. येथे त्या तीन वेगळ्या क्रिया झाल्या. माझ्या मते स्वयंलेखी यंत्रांच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा पालट होय; शाई गेली व रंगीत पडदा आला हे त्यामानाने गौण आहे. मांडणी करणारा माणूस आता तीन वेगवेगळे निर्णय घेतो, आणि पुष्कळदा ते तीन आहेत हे त्यास ठाऊक नसते.

मापनाचा पल्ला हा पहिला निर्णय. ४५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबावर चालणाऱ्या बॉयलरसाठी संकेताचा पल्ला ० ते ६० असा ठरविला असेल तर त्यापलीकडील मूल्य यंत्रास दिसतच नाही. ते कायमचे गेले. दुसरा निर्णय पडद्यावरील पल्ल्याचा. तोच दाब ० ते ६० या उंचीत दाखविला तर एका किलोची घट उंचीच्या साठाव्या भागाएवढी, म्हणजे जवळपास अदृश्य. ४० ते ५० या उंचीत दाखविला तर ती दहाव्या भागाएवढी होते आणि पाळीप्रमुख घाबरून फोन उचलतो. मूळ नोंदीस या निवडीने धक्का लागत नाही. मात्र पडद्याचे छायाचित्र काढून अहवालास जोडले असेल तर अहवाल वाचणाऱ्यास त्या निवडीशिवाय दुसरे काही दिसत नाही. तिसरा निर्णय काळाचा. एका चौकटीस एक तास दिला व चौकटीत तीस बिंदू असतील तर प्रत्येक बिंदू दोन मिनिटांचा. दर सेकंदाला मोजणी होत असेल तर त्यात १२० मूल्ये कोंबलेली असतात. चांगले यंत्र अशा वेळी त्या दोन मिनिटांतील कमाल व किमान मूल्ये जोडून उभी रेघ काढते, त्यामुळे अस्वस्थ काळातील रेषा जाड दिसते. ही जाडी शाईचा फराटा नव्हे, ती माहिती आहे. काही यंत्रांत पडद्यासाठी निवडलेल्या या काळानुसारच साठवणही होते. अशा ठिकाणी डोळ्यांना बरे वाटावे म्हणून चौकटीस एक तास देणारा माणूस, नकळत, उद्याच्या अभ्यासकासाठी सेकंदांचा इतिहास पुसून टाकीत असतो. कुलाब्याच्या ८५० व १,६०० मधील अंतर येथे रोज नव्याने निर्माण होत असते.

इतर निवडी लहान वाटतात, पण वाचनावर परिणाम करतात. रेषा एकमेकींवर चढू नयेत म्हणून पडद्याचे आडवे पट्टे पाडून प्रत्येकीस स्वतंत्र जागा देता येते. वाचन सोपे होते, पण प्रत्येकीची उंची घटते. बॉयलरच्या तीन रेषांपुरते बोलावयाचे तर मी प्रवाहांच्या दोन रेषा एकाच पट्ट्यात व समान पल्ल्यात ठेवीन, कारण त्यांच्यातील फट हीच खरी बातमी असते, आणि पातळीस वेगळा पट्टा देईन. दिशेचाही प्रश्न आहे. कागदाची पट्टी खाली सरकत असल्याने ताजी नोंद वर व जुनी खाली असे. आडव्या पडद्यावर ताजी नोंद उजवीकडे येते. जुनी पट्टी वरून खाली वाचणारा विद्यार्थी, देवनागरीच्या सवयीने, काळ उलटा वाचीत असतो. तसेच, चालू नोंदीत पल्ला बदलला की काही यंत्रे मागची रेषा पुसून नव्याने आरंभ करतात, तर काही सगळा भूतकाळ नव्या पल्ल्यात पुन्हा काढून दाखवितात. या दुसऱ्या प्रकारात बदलाची खूण रेषेवर उरत नाही. कागदावर निदान पेन उडी मारीत असे.

काळाच्या अक्षाविषयी मराठवाड्याच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मुंबईची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती; प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली तरी मुंबई शहराने आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. आपल्या भागातील अडचण मिनिटांची नाही, वर्षाची आहे. चाकूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानच्या दप्तरातील वर्ष फसली होते. ते ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. १३४० फसली म्हणजे ऑक्टोबर १९३० ते ऑक्टोबर १९३१. फसलीत ५९० मिळविण्याचे ठोकळ गणित करणारा माणूस १३४० फसलीचे पीक व पाऊस १९३० च्या खुणेवर मांडतो. परंतु त्या वर्षातील सगळा पावसाळा वर्षाच्या अखेरीस, म्हणजे १९३१ च्या जून ते सप्टेंबरात पडलेला असतो. १९४८ नंतरचे आकडे पुढे जोडले की सांध्यावर एक पावसाळा गळालेला अथवा दोनदा मोजलेला आढळतो. भरीस भर, लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेपासून, म्हणजे आताच्या धाराशिवपासून, वेगळा झाला. त्यापूर्वीची ‘जिल्ह्याची सरासरी’ वेगळ्याच भूमीची होती. या सांध्यावर मूस यांच्यासारखी दोन वर्षांची दुहेरी नोंद कोणी ठेवली नव्हती. ती आता मागे जाऊन ठेवता येणार नाही. फार तर मासिक आकडे जेथे मिळतील तेथे वर्ष नव्याने बांधता येईल.

यंत्राची मांडणी झालेली असणे आणि नसणे यांतील अंतर महाराष्ट्राने दोन भूकंपांत पाहिले. कोयना धरणाच्या अंतर्गत वीथीत त्वरणलेखी यंत्र बसविलेले होते. असे यंत्र सतत चालत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडचा हादरा बसला की ते जागे होते व लिहू लागते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते जागे झाले. धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट एवढे कमाल त्वरण त्याने नोंदविले. ती काही सेकंदांची रेषा नंतर जगभरच्या धरण अभियंत्यांनी आपल्या गणितांत वापरली. मर्यादा फार वर ठेवली असती तर रेषेचा आरंभ कापला गेला असता; फार खाली ठेवली असती तर ट्रकच्या धक्क्यांनी कागद संपून गेला असता. हीही एक मांडणीच.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. चाकूरपासून किल्लारी सरळ रेषेत सुमारे साठ किलोमीटर. शासकीय गणतीप्रमाणे ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्या परिसरातील लोकांनी अनेक धक्के अनुभवले होते. असे असूनही मुख्य धक्क्याच्या वेळी भूकंपकेंद्राजवळ त्वरणलेखी यंत्र नव्हते. दूरच्या केंद्रांवरील नोंदींवरून भूकंपाचे स्थान व परिमाण काढता आले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने व अन्य संस्थांनी नंतर तात्पुरती केंद्रे उभारून पश्चात धक्के नोंदविले. परंतु किल्लारी व सास्तूर येथील मातीत बसविलेल्या दगडांच्या रुंद भिंतींखाली जमीन त्या काही सेकंदांत नेमकी कशी हलली, याची रेषा नाही. ती मागाहून अनुमानाने काढावी लागली, आणि पडलेल्या व टिकलेल्या घरांची मोजदाद हाच त्या अनुमानाचा मोठा आधार ठरला. या भागात इतिहासकाराचे क्षेत्रकार्य, म्हणजे कोणते घर कोणत्या बाजूस पडले हे वाचलेल्या माणसांस विचारून लिहून ठेवणे, यंत्राच्या जागी उभे राहिले. ती साक्ष देणारी पिढी आता वृद्ध होत चालली आहे.

शेवटी त्या दुहेरी रेषांच्या चार्टकडे परत येतो. दोनपैकी पहिला दिवस कोणता हे ओळखण्याचा मी बराच खटाटोप केला. शाईची दाटी उपयोगी पडली नाही. लाल रेषांपैकी एक मात्र दुपारी दोनच्या पुढे हळूहळू मध्याकडे उतरली होती आणि मध्यरात्रीपर्यंत तशीच खाली होती. म्हणजे त्या दिवशी बॉयलर थंड केला असावा. गठ्ठ्यातील पुढचा चार्ट पाहिला. त्याची लाल रेषा थंडावलेल्या स्थितीतूनच आरंभ होऊन सकाळी वर चढली होती. त्यावरून उतरलेली रेषा दुसऱ्या दिवसाची ठरली आणि चार्टवर लिहिलेली तारीख पहिल्या दिवसाची. पेन्सिलीने मी चार्टच्या पाठीवर तेवढे लिहून ठेवले, आणि पल्ला विचारण्यासाठी बॉयलरघरात गेलो. यंत्र बदलून पडद्याचे आले होते. जुन्या यंत्राचा पल्ला पाळीवरील एका वयस्क फायरमनला तोंडपाठ होता. तोही त्याच ओळीखाली लिहिला.